थंडीत कोंबड्यांना बल्ब लावता का?

डिसेंबर उजाडला की फिरायला निघालेलं कोणी ना कोणी फाटकाशी थांबतं. "काकू, एवढ्या थंडीत कोंबड्यांना बल्ब लावता का? आणि खायला काय, घरातलं उष्टं-खरकटंच ना?" तेवढ्यात गॅसवर दूध असतं, उत्तर अर्धंच राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहिते.

बल्ब लावत नाही. एकदा लावला होता. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला. दुसऱ्या दिवशी पेपरात तो आकडा वाचून मीच कुडकुडले. खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली, फट दिसेल तिथे चिंध्या कोंबल्या, आत शंभर वॅटचा बल्ब टांगला. तिसऱ्या सकाळी दार उघडलं तर भपकारा थेट डोळ्यांत गेला. विष्ठेतला अमोनिया रात्रभर कोंडलेला. पत्र्याला आतून थेंब लोंबत होते, खालचा भुसा ओला झाला होता आणि सहा जणींपैकी दोघी चोच उघडून घरघरत होत्या. त्यातली एक गेली.

सातवी काळी. ती खुराड्यात कधी शिरायचीच नाही, जामाच्या झाडावर झोपायची. ती बया टुणकन खाली उतरली आणि नेहमीसारखी माती उकरायला लागली. मग डोक्यात प्रकाश पडला, की ती सगळ्यात थंड रात्र तर सातही जणींनी माझ्या मदतीशिवाय काढली होती.

कोंबडीचं अंग मुळात ४१ अंशांच्या आसपास गरम असतं. थंडी वाजली की पिसं फुलवून ती चेंडूसारखी होते, पिसांत अडकलेली हवा तिला ऊब देते. एक पाय पोटात ओढून घेते, मान पंखात. तिला बाधते ती ओल आणि अंगावर येणारा वाऱ्याचा झोत. म्हणून आता फक्त उत्तरेच्या बाजूला बारदाना लावते आणि छपराखाली वीतभर जागा उघडी ठेवते, म्हणजे दमट हवा वरून निघून जाते. बसायला गोल दांडा नाही, चार बोटं रुंद चपटी पट्टी. तिच्यावर बसली की पायांची बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. खाली सोयाबीनचं कोरडं कुटार, म्हणजे भुसा, चांगलं वीतभर. दोन-चार दिवसांनी वरखाली करते, वास आला की नवीन टाकते.

पिल्लांचं वेगळं. त्यांना पिसं नसतात, पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. आई पंखाखाली घेत असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर तिथे बल्ब हवाच.

हिवाळ्यात अंडी कमी होतात, तेही थंडीमुळे नव्हे. भरपूर अंडी द्यायला कोंबडीला चौदा-एक तास उजेड लागतो, आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा. उजेड वाढवून अंडी काढता येतात, पण मला दुकान चालवायचं नाही. घेऊ दे विसावा.

आता खाणं. उष्ट्याखरकट्यावर कोंबडी जगते, पण अंडी देत नाही. मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं. माझ्याकडे भरडलेला मका, ज्वारी, तांदळाची कनकी, तुरीची चुनी आणि सोयाबीनची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड. सोयाबीन घरचं असेल तर भाजून द्या, कच्चं पचत नाही. सरकीची ढेप मात्र नको. दूधवाल्या भाऊंनी आग्रहानं दिलेली मी महिनाभर चारली, तर ठेवलेल्या अंड्यांचं बलक हिरवट-मातकट निघायला लागलं. सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्याचा तो प्रताप. मक्याला बुरशीचा वास आला तर सरळ फेकायचा, त्यात काटकसर नाही. अंड्यांची टरफलं भाजून, चुरून परत देते, सोबत शिंपल्यांचा चुरा. थंडीत संध्याकाळी मूठभर मका जास्त. गळ्याखालची पिशवी भरलेली असली की रात्रभर पचन चालतं आणि अंग गरम राहतं. संत्र्याच्या सालींकडे त्या ढुंकूनही पाहत नाहीत. नागपूरच्या असून!

आणि नैसर्गिक पाळणं म्हणजे लस नको, असं काही जण समजतात. मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, आली की अख्खं खुराडं दोन-चार दिवसांत रिकामं होतं, तिथे हळद-लसूण चालत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, वेळेवर लस टोचून घ्या.

खरं तर विचारायचं असेल तर मे महिन्याचं विचारा. कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकूनच ती अंग थंड करते. पारा ४५ च्या वर गेला की मी दुपारी दोनदा माठाचं पाणी बदलते, छपरावर ओली पोती टाकते, दाणा फक्त पहाटे आणि सूर्य कलल्यावर. इतकं करूनही त्या २०१९ च्या मे महिन्यात दोघी गेल्या. काळी त्यांच्यात नव्हती. तिला पुढे पावसाळ्यात झाडावरूनच बोक्यानं नेलं. तेव्हापासून अंधार पडला की एकेकीला मोजून आत घेते आणि कडी लावते.