पडण्याचा हिशेब

"गेल्या वर्षभरात कधी पडलात का?" असं सत्तरीतल्या आजींना विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "छे, कुठे पडले!" मग प्रश्न बदलायचा. "मोरीत, पलंगाशेजारी, पायरीवर कधी तोल जाऊन खाली बसावं लागलं?" "हां, ते दिवाळीच्या आधी एकदा झालं. पण ते काही पडणं नव्हे. पाय घसरला नुसता."

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ते पडणंच आहे. इच्छा नसताना माणूस जमिनीवर, फरशीवर किंवा होता त्याहून खालच्या पातळीवर आला, की पडला. लागलं का, हाड मोडलं का, कोणी पाहिलं का, हे नंतरचे प्रश्न. पण आपल्या घरांत मोजणीची सुरुवातच या नंतरच्या प्रश्नांपासून होते, आणि सगळा हिशेब तिथेच चुकतो.

संघटनेचे आकडे असे: ६५ वर्षांवरच्या माणसांपैकी २८ ते ३५ टक्के दरवर्षी एकदा तरी पडतात, सत्तरीनंतर ३२ ते ४२ टक्के. जगभरात पडल्यामुळे वर्षाला सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. आता आपल्याकडचा आकडा. 'लासी' या नावाने ओळखली जाणारी वृद्धत्वाची मोठी पाहणी मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केली. २०१७-१८च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरची ७२ हजारांहून जास्त माणसं होती, त्यांतली ३१ हजारांवर साठीच्या पुढची. त्या साठीच्या पुढच्यांपैकी साधारण आठांतल्या एकाने मागच्या दोन वर्षांत पडल्याचं सांगितलं. म्हणजे तिकडे एका वर्षात जवळजवळ तिसरा हिस्सा, इकडे दोन वर्षांत आठवा.

आपले म्हातारे काटक असतात, उकिडवं बसायची सवय असते, म्हणून कमी पडतात असं कोणी म्हणेल. थोडं खरं असेलही. शिवाय वयाची रेघ वेगळी आहे, एकीकडे पासष्ट आणि दुसरीकडे साठ. पण मोठा वाटा आठवणीचा. ज्या पडण्यात लागलं नाही ते सहा महिन्यांत विसरलं जातं. दोन वर्षांपूर्वीचं विचारलं तर फक्त प्लास्टर आठवतं. हा फरक किती माणसांचा, ते पाहा. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे ९.९ टक्के, म्हणजे एक कोटी दहा लाखांच्या आसपास. जागतिक प्रमाण लावलं तर वर्षाला तीस लाखांच्या वर माणसं पडतात. लासीचं लावलं तर वर्षाला सात लाख. हिशेब ढोबळ आहे, पण यातली कुठली संख्या धरायची यावर हाडांच्या ऑपरेशनसाठी किती खाटा, किती फिजिओथेरपिस्ट हे सगळं ठरायला हवं.

दवाखान्याच्या कागदावरही पडणं टिकत नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, डब्ल्यू ०० ते डब्ल्यू १९ हे सगळे कोड पडण्याचे आहेत. घसरून किंवा ठेचकाळून पडणं डब्ल्यू ०१, पलंगावरून पडणं डब्ल्यू ०६, जिन्यावरून डब्ल्यू १०. केसपेपरवर मात्र "मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर" एवढंच असतं. काय मोडलं ते कळतं, कशामुळे ते कळत नाही. फार तर "पडल्याचा इतिहास" एवढी ओळ असते, मग तो कोड डब्ल्यू १९मध्ये जातो: पडणं, तपशील नाही. पुढे तीन आठवड्यांनी अंथरुणावर न्यूमोनिया होऊन माणूस गेला, तर मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया येतो, नाहीतर "हृदयक्रिया बंद". दाखल्याच्या फॉर्ममध्ये ताबडतोबीच्या कारणाखाली त्यामागचं मूळ कारण लिहायच्या ओळी असतात. तिथे "घरात पडणं" लिहिलं तर मृत्यू अपघाती ठरतो, पोलीस आणि शवविच्छेदन मागे लागतं. घरच्यांना ते नको असतं. मग ओळ कोरी राहते.

म्हणून घरच्या घरी नोंद ठेवा. वेगळी वही नको, ती दोन दिवसांत हरवते. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं, त्यावर दुधाचा खाडा आणि सिलिंडरची तारीख लिहिलेली असतेच. त्याच चौकोनात लिहायचं: किती वाजता, कुठे, काय करताना, पायात काय होतं, दिवा होता का, आधी कुठली गोळी घेतली होती, स्वतःहून उठता आलं का. पडता पडता वाचलेलंही लिहायचं, म्हणजे भिंत धरली, दार पकडलं, खुर्चीवर धपकन बसलो. पडण्याचा अभ्यास करणारे संशोधकसुद्धा आठवणीवर भिस्त न ठेवता घरोघरी अशीच महिन्याची पानं भरून घेतात. दोन-तीन महिन्यांत चौकोनांचा आपोआप एक नमुना दिसायला लागतो आणि "पाय घसरला" या शब्दांखाली काय होतं ते वर येतं.

सगळ्या नोंदी पहाटे तीन-चारच्या असतील तर संशय लघवीला उठण्यावर आणि रक्तदाबावर घ्यायचा. आडवं पडलेलं असताना ठीक असलेला दाब उभं राहिल्यावर खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तीन पावलांवर माणूस कोसळतो. तपासणी घरच्या मशीनवर होते. पाच मिनिटं निजवून दाब घ्यायचा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला तर कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यायचा. दवाखान्यात दाब बहुधा खुर्चीत बसवूनच घेतात, त्यामुळे हे तिथे सापडत नाही. जेवणानंतर तासा-दीड तासात पडणं होत असेल तर तेही दाबाचंच लक्षण असू शकतं, कारण भरल्या पोटाकडे रक्त वळतं.

मग गोळ्यांचा डबा उघडायचा. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन, दाबाची गोळी, पाण्याची गोळी, या तिन्ही दाब उतरवतात आणि बऱ्याचदा तीन वेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या असतात. पाण्याची गोळी संध्याकाळी घेतली तर रात्री चार वेळा उठणं आलंच. त्यात झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असेल तर पहाटे उठणारा माणूस अर्धा झोपेतच चालतो. यातलं काहीही मनाने बंद करायचं नाही. झोपेची गोळी एकदम तोडली तर वेगळाच त्रास होतो, ती हळूहळू कमी करावी लागते. पण सगळे डॉक्टर, सगळ्या चिठ्ठ्या एकाच टेबलावर एकदा यायला हव्यात. ड जीवनसत्त्वाचंही तसंच. ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक म्हणून सुरू होते आणि थांबवायला कोणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीवरच्या २,२५६ स्त्रियांवर एक चाचणी झाली होती, २०१०मध्ये तिचे निष्कर्ष आले. वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस दिलेल्या बायका न दिलेल्यांपेक्षा जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. जास्त दिलं की जास्त फायदा, हा हिशेब इथे चालत नाही.

नोंदी मोरीच्या असतील तर तिथे एकदा कोरड्या पायांनी नव्हे, अंघोळ झाल्या झाल्या जाऊन बघा. ग्लेझ्ड टाइल, वर साबणाचं पाणी, डोक्याला लावलेलं खोबरेल ओघळलेलं. म्हातारा माणूस पाय धुवायला एका पायावर उभा राहतो आणि दुसऱ्या हाताने टॉवेलचा रॉड धरतो. तो रॉड टॉवेलसाठी असतो. दोन बारीक स्क्रूंवर तोललेला तो भार आला की गट्टीसकट भिंतीतून निघतो, आणि माणूस रॉड हातात घेऊन मागे, डोक्यावर पडतो. नुसता घसरला असता तर कदाचित कुल्ल्यावर पडला असता.

आधाराची दांडी वेगळी घ्यावी लागते. जाडी ३२ ते ४० मिलिमीटर, म्हणजे बोटं पूर्ण वळतात. भिंतीपासून अंतर साधारण ४० मिलिमीटर; फार जास्त असेल तर हात निसटून मनगट आत अडकतं. गुळगुळीत स्टीलपेक्षा खरखरीत पकडीची बरी. कुठे लावायची हे प्लंबरला ठरवू देऊ नका. ज्यांच्यासाठी आहे त्यांना कमोडवर बसवा, उठायला सांगा, हात आपोआप भिंतीवर जिथे जाईल तिथे पेन्सिलीने खूण करा. विटेच्या भिंतीत अँकर फास्टनर चालतो. नव्या इमारतींत आतल्या भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात, तिथे साधा फास्टनर काही महिन्यांत ढिला होतो, केमिकल अँकर मागा. बसवून झालं की बसवणाऱ्यालाच म्हणा, "आता पूर्ण भार टाकून लोंबकळून दाखवा." तो कचरला तर पैसे देऊ नका. रबरी चकती दाबून चिकटवायच्या ज्या दांड्या ऑनलाइन मिळतात, त्या म्हाताऱ्या माणसाच्या मोरीत नकोतच. आणि प्लॅस्टिकची बागेतली खुर्चीही नको, ओल्या टाइलवर तिचे पाय फाकतात. रबरी बूच असलेलं शॉवर स्टूल आणा.

बाकी घरात बघायचं थोडंच आहे: दुमडलेलं पायपुसणं, टीव्हीची वायर, झिजलेली स्लिपर, घोट्याखाली लोळणारा गाउन, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा. काठी असेल तर उंची तपासा. हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बरेच लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरलेले दिसतात.

पायांत जोर किती उरला आहे हे खुर्ची सांगते. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली साधारण १७ इंची खुर्ची, हात छातीवर घडी घालून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या तक्त्यात ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२, स्त्रीला १० याहून कमी आलं तर धोका मानतात. दुसरी चाचणी: खुर्चीतून उठून तीन मीटर नेहमीच्या चालीने जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्या. पाय आणि तोल यांचा व्यायाम नेमाने केला तर पडण्याचं प्रमाण जवळजवळ पाव हिश्श्याने कमी होतं, हे अनेक चाचण्या एकत्र करून दिसलेलं आहे. ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून उठबस, एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून दहा सेकंद उभं राहणं, एवढ्याने सुरुवात होते. नुसतं बागेत फिरणं पुरत नाही.

आणि तरीही माणूस पडला, तर पहिली चूक घरचेच करतात: दोघं मिळून बगलेत हात घालून खसकन उभं करतात. आधी मिनिटभर पडून राहू द्या, बोलू द्या. दुखणं जांघेत असेल, एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळलेलं असेल, तर खुब्याचं हाड मोडलं असणार. हलवायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची. फसवा प्रकार दुसरा असतो. हाड मोडून एकमेकांत रुतून बसलं तर माणूस लंगडत का होईना चालतो आणि घरचे तेल लावून चोळत बसतात. चालण्या-चोळण्यात ते सरकू शकतं आणि नुसत्या स्क्रूंवर भागलं असतं तिथे सांधा बदलावा लागू शकतो. जांघ दुखत राहिली तर एक्स-रे काढाच. त्यात दिसलं नाही तरी दुखणं थांबलं नाही तर एमआरआय. ऑपरेशन शक्यतो ४८ तासांच्या आत. शनिवार-रविवार, विम्याची मंजुरी यांत जाणारा प्रत्येक दिवस न्यूमोनियाला आणि पाठीच्या जखमांना दिलेला असतो. खुबा मोडलेल्यांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात जातो, असे अनेक देशांचे आकडे आहेत. डिस्चार्जच्या कागदावर हाड बळकट करणारं औषध लिहिलं आहे का तेही विचारा. ते राहून जातं आणि मग दुसऱ्या बाजूचा खुबा मोडतो.

डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर माणूस हसत-बोलत असला तरी सीटी स्कॅन. काही वेळा रक्तस्राव इतका हळू असतो की पंधरा-वीस दिवसांनी सुस्ती, डोकेदुखी, चालताना झोकांड्या असं दिसू लागतं आणि तोवर ते पडणं सगळे विसरलेले असतात. कालनिर्णयचा चौकोन इथे उपयोगी पडतो.

ऑस्ट्रेलियात सरकारी अनुदानावरच्या वृद्धनिवासांना दर तीन महिन्यांनी ठरावीक आकडे द्यावे लागतात. १ जुलै २०१९ला ही सक्ती सुरू झाली तेव्हा अंथरुणाच्या जखमा, बांधून ठेवणं आणि नकळत घटलेलं वजन एवढ्याच गोष्टी होत्या. १ जुलै २०२१पासून पडणं आणि पडून झालेली मोठी इजा आली, सोबत औषधांची नोंदही: नऊ किंवा जास्त औषधं घेणारे किती. पडणं आणि बांधणं एकाच तक्त्यात ठेवलं आहे, यात खरी हुशारी आहे. फक्त पडणं मोजलं, तर ते शून्यावर आणायचा सोपा मार्ग म्हणजे माणसाला खुर्चीला बांधणं किंवा गोळी देऊन निजवणं.

आपल्याकडे वृद्धाश्रम बघायला जाल तेव्हा बाग आणि जेवणाचा तक्ता दाखवतात. तुम्ही विचारा, "गेल्या तीन महिन्यांत किती जण पडले?" रजिस्टर काढून सांगितलं तर एकेका महिन्याचा हिशेब करा. समजा ४० माणसं, महिन्याचे ३० दिवस, म्हणजे १२०० निवासी-दिवस. त्यात सहा वेळा पडणं झालं तर हजारामागे पाच. हाच आकडा पुढच्या महिन्याशी ताडता येतो. मग विचारा, त्या सहांतले रात्री किती, आणि रात्रपाळीला माणसं किती. "आमच्याकडे कोणी पडतच नाही" असं उत्तर आलं तर दुपारी दोनच्या सुमाराला न कळवता पुन्हा एकदा जा आणि खुर्च्यांना कमरेशी काही बांधलेलं आहे का ते बघा.