वुडवर्डवरची मसल कार

इथे मिशिगनमध्ये बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्या मिठाने पत्रा गंजतो. त्यामुळे जुन्या गाड्या हिवाळाभर गॅरेजात झाकलेल्या असतात. वसंतातल्या पावसांनी रस्ते धुऊन निघाले की त्या एकेक करत बाहेर पडतात. भारतातून आलेल्या पाहुण्यांना अशी लांबलचक, दोन दारांची गाडी दिसली की ते हमखास म्हणतात, "ती बघ, मसल कार!" बऱ्याचदा ती नसतेच.

जुनी, लांब आणि आवाज करणारी, एवढ्यावर मसल कार ठरत नाही. मध्यम आकाराची, घरात रोज वापरायची गाडी घ्यायची, तिच्यात मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरांचं व्ही-८ इंजिन बसवायचं आणि किंमत कारखान्यात नुकत्याच लागलेल्या पोराला हप्त्यांवर झेपेल अशी ठेवायची. किमतीची ही अट लोक विसरतात, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेव्हर्लेची कॉर्व्हेट वाऱ्यासारखी पळायची, पण ती दोन सीटांची स्पोर्ट्स कार होती आणि १९६४ मध्ये तिला चार हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. ती मसल कार नव्हे. फोर्डची मस्टँग आकाराने लहान, त्या जातीला इथे पोनी कार म्हणतात. मोठ्या इंजिनाच्या मस्टँगला मी मात्र खुशाल या पंगतीत बसवतो.

या सगळ्याची खरी सुरुवात माझ्या घरापासून फार लांब नाही, पॉन्टिॲक गावी झाली. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. कंपनीने रेसिंगमधूनही अंग काढून घेतलं होतं. गावाचंच नाव असलेल्या, जनरल मोटर्सच्या पॉन्टिॲक विभागाचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेंपेस्ट या मध्यम गाडीत मोठ्या पॉन्टिॲकचं ३८९ घन इंचांचं, ६.४ लिटरचं इंजिन बसवून पाहिलं आणि ते सहज बसलं. नियम नव्या मॉडेलला लागू होता, म्हणून त्यांनी नवं मॉडेल काढलंच नाही. १९६४ च्या टेंपेस्ट लमान्सवर सुमारे ३०० डॉलर जादा भरून घ्यायचं पॅकेज म्हणून जीटीओ बाजारात आणली. विक्री विभागाला पाच हजार गाड्या खपतील असं वाटत होतं. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांहून जास्त गेल्या.

त्यातली एक मी डेट्रॉइटहून पॉन्टिॲककडे जाणाऱ्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर, रॉयल ओक या उपनगरात अगदी जवळून पाहिली. मालक ऐंशीच्या घरातले, बॉनेट उघडून घडीच्या खुर्चीत बसलेले. मी वाकून बघतोय म्हटल्यावर उठले आणि एअर फिल्टर काढून दाखवले. खाली ओळीने तीन कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवणारे. "सावकाश चालवताना नुसता मधला चालतो," ते म्हणाले, "पाय खालपर्यंत दाबला की कडेचे दोन्ही उघडतात." मग त्यांनी गाडी सुरू केली. ॲक्सिलरेटरला जरासं डिवचलं तरी अख्खी गाडी एका कुशीवर हलायची. नाकात पेट्रोलचा वास, आणि तो घुरघुरणारा, किंचित अडखळणारा आवाज. या इंजिनांत दोन्ही बाजूंच्या चार-चार सिलिंडरांमधले स्फोट समान अंतराने होत नाहीत, त्यामुळे तो तसा येतो. ब्रेक मात्र चारही चाकांना जुन्या पद्धतीचे, ड्रमचे. जीटीओला डिस्क ब्रेक १९६७ च्या आधी मिळतच नव्हते. एवढी ताकद आणि थांबवायला हे, ही त्या काळाची बेफिकिरी मला आजही अस्वस्थ करते.

प्लिमथ आणि डॉज ही नावं मुंबईच्या जुन्या मंडळींच्या ओळखीची असतील. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात त्यांची जोडणी व्हायची आणि त्या गाड्या टॅक्सी म्हणूनही धावल्या. त्याच प्लिमथने १९६८ मध्ये रोड रनर काढली. आत गालिचा नाही, पुढे साधी सलग सीट, सजावटीला पूर्ण फाटा. पण बॉनेटखाली ६.३ लिटरचं, ३३५ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि किंमत तीन हजार डॉलरच्या आत. जीटीओ तोवर महागत चालली होती. व्याख्येला सगळ्यात इमानदारीने जागलेली गाडी कोणती, असं मला विचाराल तर मी रोड रनरचं नाव घेईन.

१९७० मध्ये शेव्हर्लेच्या शेव्हेल एसएस ४५४ या गाडीत ४५० हॉर्सपॉवरचं इंजिन मिळायचं, आणि तिथून उतरण लागली. तरुण पोरांच्या अशा गाड्यांचा विमा कंपन्यांनी इतका वाढवला की गाडी परवडली तरी विम्याचा हप्ता परवडेना. धुराचे कायदे कडक झाले, कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून १९७१ पासून जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण किती दाबलं जातं ते, उतरवलं. १९७२ पासून हॉर्सपॉवर मोजायची पद्धतही बदलली. पूर्वी इंजिन नुसतं स्टँडवर ठेवून मोजायचे, आता पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर सगळं लावून; साहजिकच कागदावरचे आकडे धडाधड पडले. १९७३ च्या अरब देशांच्या तेलबंदीने उरलंसुरलं संपवलं. लोक मारेकरी म्हणून तेलबंदीचंच नाव घेतात. मला वाटतं विम्याने आधीच घाव घातला होता, कारण ज्याच्यासाठी ही गाडी बनली तो गिऱ्हाईकच त्याने तोडला.

ऑगस्टमध्ये मुलांकडे डेट्रॉइटला येणार असाल तर तिसरा शनिवार मोकळा ठेवा. त्या दिवशी फर्नडेल या उपनगरापासून पॉन्टिॲकपर्यंत वुडवर्डवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची फेरी असते. १९९५ मध्ये फर्नडेलमध्ये मुलांच्या सॉकर मैदानासाठी पैसे उभे करायला तिची सुरुवात झाली. तिकीट नाही, घडीच्या खुर्च्या आणि पाणी घरून न्यायचं, आणि सकाळी लवकर सावलीची जागा धरायची. उघड्या बॉनेटजवळ मालक उभा असेल तर बिनधास्त विचारा, "इंजिन मूळचंच आहे का?" इंजिनावरचा नंबर चॅसीच्या नंबराशी जुळत असला तर तो तुम्हाला हाताला धरून नेऊन दाखवेल, आणि पुढचा अर्धा तास तुमचा त्याच्याजवळच जाईल.