पॅनेल अपग्रेड केलं आणि वाचनालयाची मराठी गेली

माझ्याकडे एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) आहे, त्यावर सहा साइट्स. पाच वर्डप्रेसच्या. सहावी आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची ग्रंथसूची, जी मीच कधीकाळी पीएचपीत हाताने लिहिली होती. होस्टिंग पॅनेल (सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर) बरेच दिवस नव्या आवृत्तीसाठी मागे लागलं होतं, आणि ती मायएसक्यूएल ५.७ वर, म्हणजे साइट्सचा डेटा ठेवणाऱ्या जुन्या डेटाबेस सर्व्हरवर, चालणार नव्हती. ५.७ चा सपोर्ट तसाही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपलाय. एका शनिवारी रात्री बॅकअप घेतला, सर्व्हरचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) काढला आणि बटण दाबलं.

पॅनेल झकास उघडलं. साइट्स मात्र सहाच्या सहा बंद, कारण मायएसक्यूएल सुरूच होत नव्हतं. एरर लॉग पाहिला. कॉन्फिग फाइलमध्ये क्वेरी कॅशेचा (आधी दिलेल्या उत्तरांच्या साठ्याचा) आकार सांगणारी जुनी ओळ होती, आणि अपग्रेडबरोबर आलेल्या मायएसक्यूएल ८.० मधून क्वेरी कॅशे मुळातच काढून टाकलाय. अनोळखी सेटिंग दिसलं की सर्व्हर अडून बसतो. एसक्यूएल मोडच्या (डेटा किती काटेकोरपणे तपासायचा हे ठरवणाऱ्या) ओळीतही त्याला न कळणारा एक जुना शब्द होता. दोन्ही ओळी उडवल्यावर तो उठला.

पण मोडची ओळ गेली म्हणजे चुकीचा डेटा सरळ नाकारणारा स्ट्रिक्ट मोड आपोआप चालू झाला. ग्रंथसूचीत परत न आलेल्या पुस्तकांची तारीख सगळी शून्यं अशी भरलेली. नव्या सर्व्हरला ती चालेना. मी सरळ मोड रिकामा ठेवला. हे बरोबर नाही हे तेव्हाही कळत होतं, पण दीड वाजला होता. वर्डप्रेसच्या साइट्स उघडून पाहिल्या, ग्रंथसूचीचं नुसतं लॉगिनचं पान पाहिलं आणि झोपलो.

सकाळी ग्रंथपाल बाईंचा फोन. "अहो, रात्री काही केलंत का तुम्ही? सगळी पुस्तकं फ्रेंच झालीत."

खरंच झाली होती. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग एखादं चित्रविचित्र चिन्ह, पुन्हा तोच ए. बाईंनी साइटवरची एक सूचना पुन्हा टाइप करून पाहिली होती, तर तिथे नुसती प्रश्नचिन्हं उमटली.

पहिला विचार आला तो स्नॅपशॉटवर परत जायचा. पण पाच साइट्सची मराठी शाबूत आणि एकीचीच गेलेली, हे खटकत होतं. वर्डप्रेस डेटाबेसशी जोडताना आपली लिपी-पद्धत (अक्षरं बाइटमध्ये कशी लिहायची ते) स्वतः सांगतं. माझ्या कोडमध्ये ती ओळच नव्हती. सर्व्हर म्हणेल ते चालायचं. ५.७ मध्ये ते लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय भाषांपुरतं) होतं, ८.० मध्ये यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांसाठीचं) झालं. माझी टेबलं लॅटिन-१ चीच. म्हणजे इतकी वर्षं मराठीचे बाइट लॅटिनच्या पिशवीत जात होते आणि न उघडता तसेच परत येत होते. आता सर्व्हरने पिशवी उघडून प्रत्येक बाइटचं भाषांतर सुरू केलं. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं, म्हणून एकाच्या जागी तीन.

कच्चे बाइट दाखवणारं हेक्स फंक्शन लावून जुन्या नोंदी पाहिल्या. बाइट जागेवर होते, हुश्श! बाईंच्या सूचनेत मात्र '३एफ, ३एफ', म्हणजे खरोखरच प्रश्नचिन्हं साठवलेली. लॅटिन-१ मध्ये मराठी बसत नाही. स्ट्रिक्ट मोड असता तर सर्व्हरने ती नाकारली असती. रात्री तो मीच बंद केला होता.

तात्पुरतं म्हणून कनेक्शनला लॅटिन-१ सांगणारी एक ओळ घातली. पुस्तकं लगेच मराठीत आली. बाईंना म्हटलं, "सूचना तेवढी परत टाका." कारण काही सांगितलं नाही.

खरी दुरुस्ती आधी डेटाबेसच्या कॉपीवर केली. टेबल थेट यूटीएफ-८ मध्ये बदललं तर हा कचराच कायमचा होतो. म्हणून प्रत्येक रकाना आधी बायनरी केला, म्हणजे सर्व्हर बाइटचा अर्थ लावत नाही, आणि मग यूटीएफ-८. या वेळी शून्य तारखा नल (रिकाम्या) केल्या आणि स्ट्रिक्ट मोड चालू ठेवला. त्यामुळेच शीर्षकाच्या रकान्यावर काम अडलं: अमुक ओळीत चुकीचे बाइट.

त्या ओळी उघडल्या तर शेवटचं अक्षर अर्धवट. रकाना २५५ चा, पण लॅटिन-१ च्या हिशोबात ते २५५ बाइट, म्हणजे मराठीची जेमतेम ८५ चिन्हं, काना-मात्रा धरून. लांब शीर्षकं पहिल्यापासूनच कापली जात होती. उपशीर्षक, संपादक, खंड, सगळं एकाच रकान्यात लिहायची बाईंची पद्धत. माझं मात्र त्याकडे कधी लक्ष गेलं नाही.

अर्धी अक्षरं काढून टाकली, रूपांतर पुरं झालं, कोडमधली तात्पुरती ओळ बदलून यूटीएफ-८ केली. मग बाईंना कापलेल्या शीर्षकांची यादी पाठवली.

"हे तर मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात, नावं छोटी लिहा." आणि दाखल नोंदवही काढून पहिल्या नावापासून टाइप करायला बसल्या.