रोहितांचा गुलाबी आणि पत्रिकेचा काळा : प्रिंटर-खरेदीची नोंद

जून अखेर

भिगवणच्या रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगो) गेल्या हिवाळ्यातले फोटो निवडून झाले. आता ते कागदावर हवेत. जोडीला इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली कामं आहेतच: दिवाळीची शुभेच्छापत्रं, घरच्या कार्यांच्या पत्रिका, आकाशकंदिलाच्या पट्ट्या. बजेट पंचवीस हजार, ताणलं तर दोन-तीन हजार वर.

आकाराचा प्रश्न आधी निकालात काढला. ए३+ म्हणजे ३२९ × ४८३ मिमीचा मोह कुणाला होत नाही? पण एप्सनचा एल ८०५० (ए४) आणि एल १८०५० (ए३+) या दोघांत शाई तीच, सहा रंग तेच, आणि माझ्या चौकशीत किंमत मात्र जवळपास दुप्पट निघाली. वर्षाकाठी मोजके मोठे प्रिंट लागतात, ते लॅबमधून करून घेईन. ए४ ला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण ८.७ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग कापून टाकला तरी चालतं. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना कापाकापी चुकत नाही, त्यामुळे हा हिशेब महत्त्वाचा. बॉक्सवर छापलेलं ५७६० × १४४० डीपीआय वाचून कुणी तेवढ्या पिक्सेलची फाइल करायला बसू नये. तो आकडा शाईचे थेंब कुठे टाकता येतात त्याचा आहे, फोटोतल्या पिक्सेलचा नाही.

कार्ट्रिजवाले स्वस्त प्रिंटर यादीत घेतलेच नाहीत. पाच हजारांचा प्रिंटर आणि मग दर महिन्याला कार्ट्रिजचा भुर्दंड, हे गणित आता कुणाला समजावून सांगायची गरज राहिलेली नाही. बाहेर टाकी, आत नळ्या हा प्रकार पूर्वी दुकानदारच जोडून द्यायचे. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःचा टाकीवाला प्रिंटर आणला आणि जुगाडाला कंपनीचा शिक्का मिळाला.

जुलै

पुण्यातल्या तपकीर गल्लीत दोन-तीन दुकानं पालथी घातली. "ताई, फोटो पण निघतो, प्रिंट पण निघते, स्कॅन पण होतं," असं म्हणून सगळीकडे आधी चार रंगांचा ऑल-इन-वन पुढे केला जातो. शाळेचे प्रोजेक्ट आणि आधारच्या झेरॉक्स यांच्यासाठी तो उत्तमच. मला स्कॅनर नको होता, सहा रंग हवे होते. हे सांगितल्यावर दुकानदार म्हणाला, "मग तुम्ही स्टुडिओवाल्या का?" गल्लीतल्या हिशेबात सहा रंग म्हणजे पासपोर्ट फोटो आणि पीव्हीसी कार्ड.

याच फेरीत सेकंडहँड एल ८०५ (एप्सनचाच जुना सहा रंगांचा) बद्दलही विचारून आले. स्टुडिओवाले नवीन मशीन घेतात तेव्हा जुने बाजारात येतात आणि किंमत मोहात पाडते. इथे एक गोष्ट नीट बघा. कॉफीच्या मगवर आणि टी-शर्टवर छापणारे बरेचजण एप्सनमध्येच सब्लिमेशनची शाई (उष्णतेने वस्तूवर उतरणारी) भरतात. त्याला कारण आहे. एप्सनच्या हेडमध्ये, म्हणजे शाई फेकणाऱ्या भागात, पिझो स्फटिक असतो. वीज मिळाली की तो वाकतो आणि शाईचा थेंब ढकलतो, शाई तापत नाही. कॅनन आणि एचपीच्या हेडमध्ये इवलासा हीटर शाईत वाफेचा बुडबुडा करून थेंब बाहेर फेकतो. सब्लिमेशनची शाई उष्णतेवरच चालते, त्यामुळे तिला गरम हेड मानवत नाही. (कॅननची ही बुडबुड्याची कल्पना १९७७ मध्ये प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली तिथून निघाली, अशी कंपनीच सांगते. मला हा किस्सा फार आवडतो.) तर जुन्या एप्सनमध्ये सब्लिमेशनची शाई फिरली असेल तर फोटोसाठी तो घेऊ नका. कागदावर ते रंग मेलेले दिसतात, आणि नळ्यांतून ती शाई पूर्ण काढणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो. घ्यायचाच असेल तर समोर नोझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालतात का ते दाखवणारं पान) काढायला लावा, किती पानं छापली ते विचारा आणि वाया गेलेल्या शाईचा पॅड कधी बदलला हेही विचारा. तो भरला की प्रिंटर एके दिवशी काम थांबवतो. मी जुन्याचा नाद सोडला.

यादीत मग दोनच नावं राहिली: एप्सन एल ८०५० आणि कॅनन जी ५७०. दोन्ही सहा रंगांचे, दोन्ही टाकीवाले, दोन्हींत स्कॅनर नाही. पण सहा रंग कोणते, यात सगळी गंमत आहे. एप्सनमध्ये काळा, सायन (आकाशी निळा), मजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि शिवाय फिका सायन, फिका मजेंटा. कॅननमध्ये त्या दोन फिक्यांच्या जागी लाल आणि राखाडी.

जुलै, दुसरा पंधरवडा

चाचणीसाठी एकच ए४ पान स्वतः तयार केलं. त्यात उडत्या रोहितांचा थवा, आईच्या चेहऱ्याचा फोटो, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकवीस पायऱ्यांची पट्टी, हळदीचा पिवळा, भगवा, पोपटी, मोरपंखी, गडद निळा. खाली देवनागरी मजकूर, मुक्ता आणि बालू या दोन फॉन्टमध्ये, ६ पॉइंटपासून १२ पर्यंत. तोच मजकूर काळ्या पट्टीवर पांढऱ्यातही. शेवटी अगदी बारीक रेघा. हेच पान मावसभावाच्या ऑफिसातल्या चार रंगांच्या प्रिंटरवर, मित्राच्या स्टुडिओतल्या सहा रंगांच्या एप्सनवर आणि एका ओळखीच्यांकडच्या जी ५७० वर काढून घेतलं. कागद सगळीकडे मीच नेला, एकाच पाकिटातला. नाहीतर तुलना प्रिंटरची न होता कागदाची होते.

रोहिताच्या अंगावरचा गुलाबी इतका फिका असतो की बराचसा भाग पांढराच म्हणावा. चार रंगांत तो काढायचा म्हणजे पूर्ण ताकदीच्या मजेंटाचे थेंब विरळ टाकायचे. हातभरावरून ठीक दिसतं, जवळ घेतलं की पंखांवर तांबडे दाणे उठतात. सहा रंगांच्या एप्सनमध्ये फिका मजेंटा दाट टाकता येतो आणि थेंबही १.५ पिकोलीटरपर्यंत बारीक, त्यामुळे तो गुलाबी सलग पसरतो. धुकट आकाशाचं तेच, तिथे फिका सायन कामी येतो. चेहऱ्याच्या उजळ बाजूलाही हाच फरक दिसला.

जी ५७० ने मला राखाडी पट्टीत खरंच चकित केलं. काळ्या-पांढऱ्या फोटोला कुठेही हिरवट-जांभळट छटा नाही, कारण करडा रंग तीन रंग मिसळून न करता बराचसा राखाडी शाईतून येतो. कुंकवाचा लालही भरदार. माझे फोटो गडकोटांचे आणि कृष्णधवल असते तर मी डोळे मिटून तोच घेतला असता. शिवाय त्याचं हेड घरच्या घरी बदलता येतं, ही जमेची बाजू.

पोपटी सगळीकडेच थोडा मळकट झाला, आणि गडद निळा जांभळ्याकडे झुकला. यात प्रिंटरला दोष देऊ नये. पडद्यावरचा तो निळा शाईच्या आवाक्याबाहेरचाच असतो. मोरपंखी मात्र सगळीकडे झकास, कारण तो मुळात सायनच्याच घरातला. डिझाइन करताना हे लक्षात ठेवलं तर निम्मा मनस्ताप वाचतो.

आता काळा. इथे फोटो आणि डिझाइन या दोन कामांचं भांडण सुरू होतं. चार रंगांच्या बऱ्याच टाकीवाल्या प्रिंटरांत, म्हणजे कॅनन जी ३०१०, एचपीची स्मार्ट टँक मालिका वगैरेंत, काळी शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) आणि बाकीचे रंग डायचे (विरघळलेल्या रंगाचे) असतात. पिगमेंटचे कण कागदावर बसून राहतात, त्यामुळे साध्या कागदावर अक्षर ठणठणीत काळं आणि धारदार. चकचकीत फोटो पेपरवर मात्र ती शाई धरत नाही. तिथे ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं संगणकातलं सॉफ्टवेअर) तिला बाजूला ठेवतो आणि तीन रंग मिसळून काळा करतो, तो धड काळा होत नाही. एल ८०५० आणि जी ५७० मध्ये काळीसुद्धा डाय. फोटोत काळा खोल येतो, पण साध्या किंवा हातकागदावर ती शाई मुरते आणि पसरते. ६ पॉइंटमध्ये 'र्क'चा रफार आणि वरचा अनुस्वार एकमेकांना चिकटले, 'ष'मधली तिरपी रेघ भरून गेली. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांची तर चाळणच झाली. लॅटिन अक्षरांवर केलेल्या परीक्षणांत हे दिसत नाही. आपल्या अक्षरांत बारीक मोकळ्या जागा जास्त, तेव्हा चाचणीचं पान आपलं आपणच करावं हे बरं.

दोन्ही काळ्या शाया एकाच मशीनमध्ये देणारे एप्सन एल ८१६० आणि एल ८१८० आहेत, वर राखाडीही. माझ्या बजेटच्या ते बरेच पुढे आहेत. ज्यांना परवडत असेल त्यांनी ही नोंद इथेच सोडून तो घ्यावा.

ऑगस्ट

एल ८०५० घेतला. भांडण कागदाने मिटवलं. दोन्ही बाजूंना थर दिलेला मॅट इंकजेट कागद, २२० जीएसएमचा (दर चौरस मीटरला २२० ग्रॅम वजनाचा), आणला आणि तेच चाचणीचं पान काढलं. ७ पॉइंटचा मजकूर स्वच्छ. थर शाईला जागेवरच धरतो, म्हणून डायसुद्धा पसरत नाही. काळा फोटो पेपरइतका खोल नाही, गडद राखाडीच म्हणा, पण शुभेच्छापत्राला तो शोभतो. हातकागदावरच्या पत्रिका मात्र या प्रिंटरवर काढायच्या नाहीत. त्या अप्पा बळवंत चौकाकडे छपाईला जातील. एका मशीनकडून सगळं करून घेण्याचा हट्ट सोडला की बजेटमध्ये राहता येतं.

चकचकीत कागदांत दोन जाती आहेत हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. स्वस्तातला १८० जीएसएमचा असतो तो बहुधा कास्ट-कोटेड: पुढून काचेसारखा, मागून साधा कागद. दुसरा आरसी, म्हणजे दोन्हीकडून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, २६०-२७० जीएसएमच्या आसपास, मागची बाजूही गुळगुळीत. पुण्यातल्या पावसाळी हवेत पहिल्याची मागची बाजू ओल धरते आणि फोटो वाळल्यावर पापडासारखा वळतो. पासपोर्ट फोटोला तो चालेल. भिंतीवर लावायचा असेल तर आरसीच घ्या. मॅट कागदाची छापायची बाजू ओळखू येत नसेल तर कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा, थराची बाजू बोटाला चिकटते.

रंगांचं थोडक्यात. डिझाइन सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या पद्धती) मध्ये करून पाठवायची सवय छापखान्यासाठी ठीक आहे. या प्रिंटरचा ड्रायव्हर आरजीबीच (पडद्याची लाल-हिरवा-निळा पद्धत) घेतो आणि सहा शायांची वाटणी स्वतः करतो. म्हणून घरच्या कामांच्या फाइली मी एसआरजीबीमध्येच (आरजीबीचा सर्वसाधारण प्रकार) ठेवते. फोटोशॉपमधून छापताना रंग सांभाळायचं काम एकाकडेच द्या: फोटोशॉपकडे प्रोफाइल (प्रिंटर-कागदाच्या रंगांचं वर्णन करणारी फाइल) देऊन दिलं असेल तर ड्रायव्हरमध्ये रंगसुधारणा बंद. दोघांनीही हात घातला की चेहरे लालबुंद होतात. ड्रायव्हरमध्ये निवडलेला कागदाचा प्रकारही नुसतं नाव नसतो, किती शाई टाकायची ते त्यावरून ठरतं. आरसी कागदावर 'प्लेन पेपर' ठेवून छापाल तर फोटो फिका आणि ठिपकेदार येईल.

"प्रिंट काळपट आली" ही सगळ्यांची तक्रार असते. दहापैकी नऊ वेळा मॉनिटरचा उजेड पूर्ण चढवलेला असतो. पडदा स्वतः उजळतो, कागद खोलीतला उजेड तेवढा परत देतो. मी मॉनिटरचा उजेड १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास उतरवला आणि प्रिंट खिडकीपाशी, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात बघते. ट्यूबलाइटखाली बघून फाइल दुरुस्त करत बसू नका.

सप्टेंबर

गणपतीत प्रिंटर भरपूर चालला: मखरामागचा पडदा चार ए४ तुकड्यांत, आरतीच्या ओळी, नातेवाइकांसाठी ४ × ६ चे फोटो. ४ × ६ आजही लॅबमध्ये स्वस्त पडतो आणि तिथला कागदही चांगला असतो. पैसे वाचवायला घरी प्रिंटर घेऊ नका. रात्री अकरा वाजता कागद बदलून पुन्हा काढता येतो, त्यासाठी घ्या.

डायच्या शाईचा नवा प्रिंट लगेच पारखू नये. रंग बसायला रात्र जाऊ द्या. फ्रेम करायचा असेल तर दमट हवेत दोन-तीन दिवस उघडा ठेवा, वर साधा कागद घाला. आतला ओलावा बाहेर पडला नाही तर काचेच्या आतून धूसर थर चढतो. प्रिंट आणि काच यांच्यात माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, चिकटले तर सुटत नाहीत. अल्बममधलं आयुष्य म्हणून कंपन्या जे आकडे देतात ते अंधारात, बंद ठेवलेल्या फोटोंचे असतात. उन्हाच्या भिंतीवर डाय उडतेच, आणि सूक्ष्म छिद्रांच्या कागदावर हवेतला ओझोनही तिला खातो. काचेमागे ठेवणं हा त्यातला स्वस्त उपाय.

काम नसलं तरी आठवड्यातून एकदा सगळे रंग येतील असं छोटं पान काढते. हेड सुकल्यावर क्लीनिंगला जी शाई जाते, त्यापेक्षा हे पान फारच स्वस्त.

पुढचं काम आकाशकंदिलाचं. आतून दिवा लागला की शाई किती फिकी पडते ते ट्रेसिंग पेपरवर आणि पातळ मॅटवर बघायचंय. ट्रेसिंग पेपरला थर नसतो, डाय त्यावर वाळत नाही असं मित्र म्हणतो. इंकजेटसाठीचा थर दिलेला अर्धपारदर्शक कागद पुण्यात सुटा, दहा-वीस पानांत, कुठे मिळत असेल तर दुकान सांगा.