आमची वाटचाल: गच्चीवरची बाज ते बाल्कनीतला झोपाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा गाळा आहे. 1996 साली वडिलांनी तो भाड्यानं घेतला, तेव्हा तिथं यंत्रमागांचे सुटे भाग दुरुस्त व्हायचे. चादर-टॉवेलच्या कारखान्यांतून कुणी ना कुणी मोडलेला भाग घेऊन यायचा आणि वडील वेल्डिंग मारून द्यायचे. काम बारमाही होतं, पण उधारी मारुतीच्या शेपटासारखी. म्हणून जोडीला लोखंडी खाटा, शाळेचे बाक, खिडक्यांच्या जाळ्या. 'आउटडोअर फर्निचर' हा शब्द आमच्या घरात कुणी ऐकलेला नव्हता. मे महिन्यात संध्याकाळी गच्चीवर चार बादल्या पाणी मारायचं, वाफ निवली की बाज टाकायची आणि चांदण्या मोजत झोपायचं. त्यासाठी कुणाला कॅटलॉग लागत नव्हता.

बाहेरच्या फर्निचरची पहिली मोठी ऑर्डर 2009 ला आली. विजापूर रोडवरच्या एका लॉनला 40 खुर्च्या आणि 10 टेबलं हवी होती, नक्षीदार, पांढरी. मी तेव्हा नुकताच धंद्यात उतरलेलो, अंगात जोर होता. पाइप वाकवले, जाळी भरली, पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची भुकटी फवारून भट्टीत भाजणं, बाहेरून करून घेतलं. माल इतका देखणा झाला की वडील काही न बोलता एका खुर्चीवर दहा मिनिटं बसून राहिले. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात लॉनच्या मालकांचा फोन. "अहो, तुमच्या खुर्च्यांना पीठ सुटलंय." गेलो. हात फिरवला तर तळहात पांढरा. एका लग्नात वरमाईच्या जांभळ्या पैठणीला मागून पांढरा शिक्का बसला होता आणि त्यावरून तिथं जे झालं ते त्यांनी सविस्तर ऐकवलं. मी सगळं ऐकून घेतलं. कोटिंगवाल्यानं घरातल्या कपाटांना मारतात ती इपॉक्सी मिसळलेली पावडर मारली होती. ती चिवट असते, तासानतास घासा, निघत नाही. पण ऊन तिला सोसत नाही, पृष्ठभाग भुकटी होऊन सुटतो. बाहेरच्या मालाला शुद्ध पॉलिएस्टर पावडरच लागते. किलोमागे महाग पडते, म्हणून त्यानं विचारलं नाही आणि मला विचारायचं कळलं नाही. 40 च्या 40 खुर्च्या परत आणल्या, घासून, रंग नीट धरावा म्हणून फॉस्फेटिंग करून पुन्हा कोटिंग केलं. नफा गेलाच, खिशातलेही गेले.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. नवीन पाइप, पट्टी, कापड, रंग, काहीही असो, गुढीपाडव्याला त्याचा नमुना गाळ्याच्या पत्र्यावर चढतो आणि दसऱ्याला उतरतो. मधे सोलापूरचा मे महिना आणि मग पाऊस. 43 अंशांत पत्र्यावर सहा महिने टिकलं, तर बाल्कनीत टिकेल असं धरायचं. इतर ठिकाणी यासाठी लॅब असते म्हणे.

पत्र्यानंच आम्हाला विकरचं, म्हणजे वेतासारख्या विणकामाचं, शहाणपण दिलं. 2013 च्या सुमारास वेताच्या नकलेच्या टोपलीवजा झोपाळ्यांची लाट आली. बाजारात दोन प्रकारच्या पट्ट्या मिळत होत्या, पीव्हीसी आणि पीई (पॉलिथिलीन), दोन्ही प्लॅस्टिकच. दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात, किंमत बरीच वेगळी. पत्र्यावर पीव्हीसीची पट्टी दसऱ्याआधीच कडक होऊन तडकली. युव्ही-रोधक, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारं द्रव्य, मिसळलेली पीई तशीच लवचिक राहिली. झोपाळे विणायला आमच्याकडे आल्या त्या पूर्वी विड्या वळणाऱ्या बायका. त्यांच्यातल्या यल्लमक्का पहिल्या दिवशी पट्टी हातात घेऊन म्हणाल्या, "हे तर सोपं हाय की, पान फाटायची भीती नाय." तिसऱ्या आठवड्यात त्या मलाच शिकवत होत्या.

मधल्या काळात 2017 चा जीएसटी आला. फर्निचरवर आधी 28 टक्के, मग नोव्हेंबरात 18. त्या चार महिन्यांत आमच्या सौ.नी हिशेबाच्या वह्या बंद करून कॉम्प्युटर सुरू केला. त्याबद्दल अधिक लिहिलं तर घरात जेवण मिळणार नाही.

गिऱ्हाईक खरं बदललं ते 2018 नंतर. ऑगस्टमध्ये हैदराबादला आयकियाचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं. हैदराबाद आम्हाला हायवेनं सरळ. जुळे सोलापुरातली, होटगी रोडची मंडळी तिकडं फिरायला जायची आणि फोनमध्ये फोटो घेऊन आमच्याकडे यायची. "असं पायजे, पण जरा मजबूत." त्याआधी लोक बंगल्यासाठी झोपाळा मागायचे, तोही मापानं: नवरा-बायको दोघं बसतील एवढा. आता चार बाय सहाच्या बाल्कनीत बसेल असं घडीचं टेबल आणि दोन खुर्च्या मागायला लागले. मोठ्या मालाचं गिऱ्हाईक होतं तिथंच राहिलं, लहान मालाचं मात्र दुपटीनं वाढलं.

फोटोंची एक गंमत आहे. ते सगळे थंड मुलखातले असतात. टॉवेलच्या निर्यातीतला माझा एक मित्र जर्मनीला जातो. त्यानं सांगितलं, कोलोनला स्पोगा-गाफा नावाचं बागेच्या सामानाचं प्रचंड प्रदर्शन भरतं, जून महिन्यात. तिकडं ऊन ही चैन आहे. ऊन पडलं की माणसं अंगणात धावतात, म्हणून त्यांची खुर्ची उन्हात ठेवायला केलेली. आमच्याकडे ऊन पडलं की कुत्रंसुद्धा पायरीखाली जातं. फोटोतला काळा रंग इथं चटका देतो. एकदा भर दुपारी दोन खुर्च्या शेजारी ठेवून तापमान मोजलं, तर काळ्या आणि मोतिया रंगात दहा-बारा अंशांचा फरक. तरी गिऱ्हाईक काळाच मागतं. मग मी खुर्ची उन्हात ठेवतो आणि म्हणतो, "बसा की." निम्मी माणसं रंग बदलतात.

आमच्या गावात बाहेर बसण्याची वेळ संध्याकाळी सातनंतर सुरू होते आणि हंगाम दोन: हिवाळ्यात हुरडा, उन्हाळ्यात गच्ची. हे कळल्यावर मी खुर्चीच्या आधी सावली विकायला लागलो. शेडनेट, पर्गोला (खांबांवर आडव्या पट्ट्यांचा मांडव), घडीचं छप्पर. पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे उजेड आत येऊ देणाऱ्या प्लॅस्टिकचा, पत्रा टाकू नका असं सांगून मी काही ऑर्डरी गमावल्या, कारण फोटोत तोच असतो. त्याखाली उन्हाळ्यात माणूस उकडतो. बागेतल्या छत्र्या विकल्या आणि पस्तावलो. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात एका डॉक्टरांची छत्री शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली. आता छत्री दिली तर बुंध्याला काँक्रीटचं वजन देतो, नाहीतर देत नाही. तुषार उडवणारे पंखे इथल्या कोरड्या हवेत छान चालतात, पण नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात ते कुणाला विकायचे? बोअरच्या क्षारानं नोझल महिन्यात बुजतात.

2020 चा लॉकडाऊन. मार्चअखेर शटर खाली, मनात धास्ती. जूनमध्ये उघडलं तर फोनच फोन. घरात कोंडलेल्या लोकांना गच्ची सापडली होती. ज्या गच्चीवर जुनी सायकल आणि पापडाचा पाट होता, तिथं त्यांना झोपाळा, लाइटच्या माळा, चहाचं टेबल हवं होतं. दोन वर्षं आम्ही दम खाल्ला नाही. पण त्याच काळात पन्नाशीतला पाइप किलोमागे पंचाहत्तरीच्या पुढं गेला. कोटेशनवर "दर आठ दिवसांपुरता" असं छापावं लागलं. 2022 च्या मे महिन्यात सरकारनं पोलादावर निर्यात शुल्क लावलं, मग भाव उतरले. तोवर आगाऊ घेतलेल्या ऑर्डरींत मी बऱ्यापैकी भाजून निघालो होतो.

गादीच्या बाबतीत मात्र सोलापूरकर असूनही आम्ही हरलो. चादरीच्या कापडाच्या उशा केल्या. सुंदर दिसल्या, गिऱ्हाईक खूश. चादर सूत रंगवून विणतात, म्हणून रंग पक्का असेल असा माझा समज. पण रोजच्या उन्हाचं गणित वेगळं. पत्र्यावर दोन महिन्यांत लाल फिका गुलाबी झाला आणि पावसात बुरशी धरली. बाहेरच्या कापडाला धागा काढतानाच आत रंग मिसळलेला लागतो, तोही कृत्रिम धागा. ते कापड बाहेरून मागवतो. चादरीची उशी आता आत ठेवायची म्हणून वेगळी विकतो.

सगळ्यात जास्त काय खपतं, सांगू? बाज. 2021 ला पुतणीनं इन्स्टाग्रामवर तिचा फोटो टाकला. लोखंडी चौकट, मोतिया रंग, कृत्रिम धाग्याची रुंद नवार. खाली लिहिलं 'डे बेड'. आठवड्यात 11 ऑर्डरी. कृषी पर्यटन केंद्रवाले तर सहा-सहा घेऊन जातात, हुरड्याच्या हंगामात पाहुणे तिच्यावर आडवे होतात. वडिलांना किंमत सांगितली तर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "बाजेला साडेचौदा हजार?" मग म्हणाले, "नवार पायथ्याशी ढिली आहे, ताण दे." खरंच ढिली होती.

सध्या सगळ्यांना दोरीनं विणलेल्या खुर्च्या हव्यात. अॅल्युमिनियमची चौकट, जाड गोल दोरी, मागं पंख्यासारखं विणकाम. अॅल्युमिनियमची मला काळजी नाही. दोरीवाला म्हणतो, पाच वर्षं काही होत नाही. त्याच्या म्हणण्यावर माझा विश्वास आहे, पण त्याच्या गावात समुद्र आहे. दोरीचे तीन नमुने पाडव्याला पत्र्यावर चढवलेत. काल वर जाऊन पाहिलं, राखाडी ठीक आहे, निळ्याचे तंतू थोडे सुटायला लागलेत. गावातल्या मोदीखाना भागातल्या एका हॉटेलवाल्याला निळ्याच 20 खुर्च्या हव्यात, तेही गणपतीच्या आधी. त्याला दसऱ्यापर्यंत थांबा म्हटलंय. रोज सकाळी त्याचा फोन येतो.