तुम्ही विचारलंत म्हणून: सर्वात जास्त अँटिऑक्सिडंट कोणत्या फळात?

जांभूळ, करवंद, आवळा, कोकम, अॅसेरोला (वेस्ट इंडियन चेरी) अशा दुर्लक्षित फळांचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. क जीवनसत्त्वापुरतं विचारत असाल तर उत्तर सोपं आहे: अॅसेरोला आणि कामू-कामू (अॅमेझॉन खोऱ्यातलं आंबट फळ) यांच्या १०० ग्रॅम ताज्या गरात ते हजार मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकतं. 'एकूण अँटिऑक्सिडंट' म्हणालात की मात्र उलट विचारावं लागतं. फळाचा कोणता भाग, किती पिकलेला, ताजा की वाळवलेला, आणि कोणत्या चाचणीने मोजलेला?

जांभळाचंच घ्या. गरात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. त्यामुळे तेच फळ कोरड्या वजनावर मोजलं की आकडा पाच-सहा पट फुगतो. त्यातून साल, गर आणि बी यांचा हिशेब वेगवेगळा. जांभळा रंग म्हणजे अँथोसायनिन, ते मुख्यतः सालीत. टॅनिन म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्यं, त्यांचा मोठा वाटा बीमध्ये. बीचा आकडा गराच्या नावावर खपवलेला बरेचदा दिसतो, आणि बी तर आपण थुंकून टाकतो.

मोजणीसाठी आधी फळाचा अर्क काढावा लागतो. त्याला द्रावक म्हणून ८० टक्के मिथेनॉल चालतं, टॅनिन हवं असेल तर ७० टक्के अॅसिटोन बरं. रंग टिकवायला थोडं आम्ल घालतात, पण अर्क आटवताना तापमान ४० अंशांच्या वर नेऊ नये. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की अँथोसायनिनला जोडलेली साखर सुटते आणि रंग उतरू लागतो. एकदाच अर्क काढून थांबलात तर बराच माल चोथ्यातच राहतो. तोच चोथा निदान तीनदा धुवावा.

खरी गफलत पुढे होते. डीपीपीएच नावाच्या रसायनाच्या चाचणीत त्याचं जांभळं द्रावण अँटिऑक्सिडंटमुळे पिवळं पडतं आणि उरलेला जांभळा रंग ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात वाचतात. अँथोसायनिन प्रकाश शोषतं तेही जवळपास तिथेच! अर्काचा स्वतःचा रंग वजा केला नाही, म्हणजे डीपीपीएचविना नुसता अर्क वाचून घेतला नाही, तर गडद फळ उगाच दुबळं ठरतं. फिनॉल (टॅनिन, अँथोसायनिन ज्यात मोडतात तो गट) मोजणाऱ्या फोलिन चाचणीत उलटा प्रकार: क जीवनसत्त्वही तिथे फिनॉल म्हणून मोजलं जातं, आणि आवळ्यासारखं फळ वाजवीपेक्षा वर चढतं. म्हणून दोन अभ्यासांतले आकडे शेजारी ठेवून क्रमवारी लावण्यात अर्थ नाही.

शिवाय हे सगळं परीक्षानळीतलं. अँथोसायनिन जसंच्या तसं रक्तात फार थोडं पोहोचतं. बरंचसं आतड्यातले जिवाणू मोडतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने ओरॅक (परीक्षानळीत मोजलेली अँटिऑक्सिडंट क्षमता) आकड्यांचा तक्ता २०१२मध्ये मागे घेतला, तो हे आकडे शरीरातला परिणाम सांगत नाहीत म्हणूनच. तरीही पाकिटांवर ते छापणं काही थांबलेलं नाही.

खायचंच असेल तर पूर्ण पिकलेलं, सालीसकट खा. लोह कमी असेल तर तुरट फळं जेवणासोबत नकोत, टॅनिन लोह अडवतं. साठवायचं असेल तर शक्यतो अख्खं गोठवा, चिरून नको. चिरताच पेशी फुटतात, विकर (एन्झाइम) आणि फिनॉल एकत्र येतात आणि गर तपकिरी पडतो. गोठलेलं फळ वितळतानाही हेच होतं, म्हणून रस काढायचा असेल तर फ्रीजरमधून थेट मिक्सरमध्ये टाका, पण त्यासाठी बी गोठवण्याआधीच काढलेली हवी.