लालबागच्या कॅसेट्स: चौथ्या ट्रॅकपर्यंत पोचलो

मंडळी, लालबागच्या बँडचं काम बरंच पुढे सरकलंय. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा हातात एक चरे पडलेली सीडी-आर होती आणि तिच्यावरची तीन गाणी. आता तीन कॅसेट्स आल्यात, आणि त्यातली एक चार ट्रॅकची मास्टर, म्हणजे चार सुट्या पट्ट्यांत भरलेलं मूळ रेकॉर्डिंग निघाली. ती ऐकल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. चार मुलं, २००२ ते २००४, लालबागच्या एका चाळीत प्रॅक्टिस, दोन-चार कॉलेज फेस्टिव्हल आणि मग नोकऱ्या. अल्बम निघालाच नाही. बँडचं नाव मी अजून लिहीत नाही, कारण चौघांपैकी एकाचा होकार यायचाय आणि तो आल्याशिवाय नाव छापणं मला पटत नाही. त्या काळी मुंबईत रॉक म्हणजे मुख्यतः जड गिटार. रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव व्हायचा, त्याचीच सवय लागलेलं पब्लिक. अशा पब्लिकसमोर ही पोरं हळू आवाजात, दोन गिटारी एकमेकींत गुंतवून, वैतागलेल्या गळ्याने गात होती. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये नव्वदच्या दशकात जे चाललं होतं (‘मिडवेस्ट इमो’ म्हणतात ते), त्याच्याशी या आवाजाचं थेट नातं आहे.

आधी सीडी-आरचं. स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या फ्रिक्वेन्सींचं चित्र) काढला तर १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं सपाट, सुरीने कापल्यासारखं. म्हणजे १२८ केबीपीएसच्या, दाबून लहान केलेल्या एमपीथ्रीवरून बर्न केलेली ऑडिओ सीडी. तिच्यातून आणखी काही निघणार नाही. २००६ च्या सुमारास त्यांनी हीच गाणी मायस्पेस या सोशल साइटवर टाकली होती. मायस्पेसचं पुढे काय झालं ते आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे: सर्व्हर हलवताना २०१५ पर्यंतचं अपलोड केलेलं संगीत गेलं, आणि २०१९ मध्ये ते उघड झालं. इंटरनेट आर्काइव्हवर त्यातली सुमारे ४ लाख ९० हजार गाणी परत आली, तीही चाळून झाली. आपली मंडळी त्यात नाहीत. त्यामुळे कॅसेट्स हाच एकमेव आधार.

कॅसेट्स मिळाल्या डोंबिवलीत, बेसिस्टच्या घरी, माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात. वीस-एक पावसाळे खाल्लेल्या टेपचं जे होतं तेच झालं होतं: रिळाच्या कडेवर पांढरी बुरशी, आणि एकीची प्रेशर पॅड निखळलेली. बुरशी असलेली टेप थेट डेकमध्ये कधीच घालू नका, ती हेडवर आणि पिंच रोलरवर बसते आणि तिथून पुढच्या कॅसेटमध्ये जाते. मी आधी सिलिका जेलच्या बंद डब्यात त्या नीट कोरड्या होऊ दिल्या. मग मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून, मऊ कापडातून हाताने हळूहळू टेप फिरवली आणि स्क्रूच्या नव्या शेलमध्ये बसवली. प्रत्येक वेळी चालवल्यावर हेड आयसोप्रोपिलने पुसायचं. कोणी टेप भाजायला सांगितलं तर ऐकू नका. तो उपाय बाइंडर (टेपवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा लेप) चिकट झालेल्या टेपांसाठी आहे, बुरशीसाठी नाही.

पहिल्या दोन कॅसेट्स साध्या निघाल्या. प्रॅक्टिसमध्ये टेपरेकॉर्डर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग, गप्पा, अर्धवट सोडलेली गाणी. तिसरी लावली आणि आवाज आला तो घोगरा, जड, पाण्याखालून आल्यासारखा. बाजू बदलली तर उलटं बोलणारं कोणीतरी. त्या क्षणी उडी मारली मी! साध्या डेकवर ए बाजूला पहिला-दुसरा ट्रॅक वाजतो आणि बी बाजूला तिसरा-चौथा, पण उलटा, कारण पोर्टास्टुडिओ (कॅसेटवर चार ट्रॅक भरणारा घरगुती रेकॉर्डर) चारही ट्रॅक एकाच दिशेने भरतो. आणि घोगरा आवाज म्हणजे रेकॉर्डिंग दुप्पट वेगाने केलेलं: नेहमीच्या पावणेपाच सेंटिमीटरऐवजी सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर.

दोन्ही बाजू वेगवेगळ्या उतरवून, एक उलटी करून, वेग दुप्पट करून जुळवता येतात, पण दर वेळी मोटर थोडी वेगळी चालते आणि ट्रॅक एकमेकांपासून सरकत जातात. त्यामुळे वसईच्या एका मित्राकडून त्याचा जुना टास्कॅम कंपनीचा पोर्टास्टुडिओ उसना आणला. बेल्ट बदलला, हेड डीमॅग्नेटाइज केलं, आणि चारही ट्रॅक एकदम २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घेतले. पूर्वीच्या बऱ्याच टास्कॅम पोर्टास्टुडिओत डीबीएक्स असतं हे विसरू नका, म्हणजे टेपची सरसर (हिस्स) कमी व्हावी म्हणून आवाज दाबून भरायचा आणि वाजवताना परत उलगडायचा. डीकोड न करता ऐकलं की हाय-हॅट चरचरतो आणि सगळा आवाज वरखाली श्वास घेतो. बऱ्याच लोकांनी अशाच ट्रान्सफर ‘लो-फाय’ म्हणून जपून ठेवल्यात, त्या पुन्हा तपासायला हव्यात.

आता वेग. इथे मला सर्वात जास्त समाधान मिळालं. या बँडच्या गिटारींवरून सूर ठरवता येत नाही, कारण दोघंही ओपन ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांना लावून वाजवायचे. मिडवेस्टच्या पोरांसारखं एफ-ए-सी-जी-सी-ई आणि त्याचे चुलत प्रकार, तेही कानाने एकमेकांशी जुळवलेले. गिटारच्या पिकअपमधून विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट आणि त्याच्या पटी टेपवर आल्यात, पण तेव्हाच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी आजच्याइतकी स्थिर नसायची, म्हणून नुसत्या गुणगुणाटावर भरवसा नाही. मग एका गाण्यात कीबोर्ड सापडला. घरगुती, छोटा, पण डिजिटल. त्याचा सूर कारखान्यात ठरतो आणि उन्हापावसाने हलत नाही. त्याचा ४४० हर्ट्झचा सूर माझ्या ट्रान्सफरमध्ये ४३३ वर येत होता, म्हणजे टेप १.६ टक्के हळू, साधारण पाव सेमिटोन खाली. ते दुरुस्त केलं आणि गुणगुणाटाची १५० हर्ट्झची रेघ धरून टेपच्या शेवटापर्यंत होणारी घसरण सरळ केली. गायकाचा आवाज एकदम तरुण झाला. एकवीस-बावीस वर्षांचा, जसा तो होता तसा.

चारही ट्रॅक सुटे ऐकता यायला लागले तेव्हा खरी गोष्ट कळली. पहिल्यावर स्नेअर, एक हाय-हॅट आणि किकच्या जागी जुनी सुटकेस. स्नेअरवर टॉवेल टाकलेला, शेजारी वैतागू नयेत म्हणून. दुसऱ्यावर एक गिटार, तिसऱ्यावर बेस आणि दुसरी गिटार एकत्र. चौथ्यावर फक्त गळा. गायक माइकपासून लांब उभा आहे, त्यामुळे गळ्याबरोबर खोली पण आली आहे. दहा बाय बाराची खोली, खाली शहाबादी फरशी, एका बाजूला गॅलरीची उघडी खिडकी. प्रत्येक ओळीच्या शेवटी फरशीवरून परत येणारा छोटा, कडक पडसाद. पाचव्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर मोरीत नळ सुरू होतो. रिकाम्या बादलीत पाणी पडायचा आवाज, मग बादली भरत जाते तसा तो आवाज वर चढत जातो. ओळ पूर्ण होते आणि टेप बंद. गिटारिस्टला विचारलं तर म्हणाला, "पाणी आलं की रेकॉर्डिंग बंद, असा नियमच होता. आईला सगळं भरून ठेवायचं असायचं."

तेच पाचवं गाणं मराठी आहे, बाकी सगळी इंग्रजी. मराठीत या धाटणीचं त्याआधीचं दुसरं गाणं मी तरी ऐकलेलं नाही. एक गिटार सात मात्रांत फिरते, रूपकासारखी, दुसरी चारांत, आणि बराच वेळ गेल्यावर दोघी एकदा समेवर भेटतात. विषय साधा: चाळीतला मित्र बदलापूरला राहायला गेला. ‘जिना’ या शब्दावर गळा फाटतो आणि गायक तो तसाच सोडतो.

गिटारिस्टदादाचं म्हणणं वेगळं आहे. "अरे, जरा साफ करून दे ना. लोक म्हणतील मोरीत रेकॉर्ड केलंय." मी म्हटलं, "दादा, ती चाळ आता आहे का?" नाही. पुनर्विकास झाला, त्याच जागेवर टॉवर आहे, त्यात त्याचं घर अकराव्या मजल्यावर. खोलीचा पडसाद फक्त या टेपवर उरलाय. नॉइज रिडक्शन चालवलं की पहिल्यांदा तोच जातो. हिस्स काढायला गेलं की पडसादाची शेपटी कापली जाते, आणि गळा कुठेच उभा नसल्यासारखा ऐकू येतो. मला हे मान्य नाही, आणि मी त्याला तसं सांगितलं.

उदाहरण ‘अमेरिकन फुटबॉल’ या बँडचं दिलं. इलिनॉयमधल्या अर्बानाचा बँड, १९९९ मध्ये एकच अल्बम, २००० मध्ये विसर्जन, आणि मग वर्षानुवर्षं लोक हातोहात ऐकत राहिले. २०१४ मध्ये पॉलिव्हायनल या लेबलने तो अल्बम पुन्हा काढला तेव्हा सोबत १९९८ ची प्रॅक्टिसमधली बूमबॉक्स रेकॉर्डिंग्ज आणि चार ट्रॅकवरची तयारी पण दिली, न घासता-पुसता. त्याच वर्षी बँड पुन्हा स्टेजवर आला. अल्बमच्या मुखपृष्ठावरचं अर्बानातलं घर तर २०२३ मध्ये बँडने, लेबलने आणि आणखी काही जणांनी मिळून विकत घेतलं, कोणी पाडू नये म्हणून. आपल्याकडे लालबागची खोली विकत घ्यायची सोय नाही. टेप आहे.

दादाला हे ऐकून काय वाटलं ते त्याने बोलून दाखवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मेसेज आला की चौथा ट्रॅक एकटा पाठव. सध्या ठरलंय ते असं: मूळ ट्रान्सफर डीबीएक्स डीकोड आणि वेगदुरुस्तीपलीकडे काहीही न करता फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइलीत) ठेवायची, चारही ट्रॅक सुटे. ऐकण्यासाठी एक वेगळं मिक्स, त्यात फक्त गिटारवरचा गुणगुणाट थोडा खाली. नळ राहणार. मराठी गाणं कुठेही न तोडता, टेप बंद होण्याच्या खटक्यासकट.

पुढचं काम: मास्टरवर शेवटी दोन वाद्यगाणी आहेत, त्यांची नावं कोणालाच आठवत नाहीत, कव्हरवर पेन्सिलने लिहिलेलं पुसट झालंय, तिरक्या उजेडात फोटो काढून वाचायचा प्रयत्न चालू आहे. ड्रमरकडे एक मिनीडिस्क (त्या काळची छोटी रेकॉर्डिंग डिस्क) आहे असं कळलंय, तिच्यावर एका फेस्टिव्हलचा सेट असावा. कोणाकडे चालू स्थितीतला मिनीडिस्क प्लेअर असेल, ऑप्टिकल आउटपुटवाला असेल तर फारच छान, तर जरूर कळवा. २००३ च्या आसपास मुंबईतल्या कॉलेजांत तुम्ही हँडीकॅम घेऊन फिरत असाल तर जुन्या टेपा एकदा बघा. चार मुलं, स्टेजवर दोन गिटारी, आणि ड्रमसेटमध्ये किकच्या जागी सुटकेस. सुटकेस दिसली तर तेच.